दीडशे वर्षांपूर्वीची मॅच

बालमित्रांनो, गल्लीत क्रिकेट खेळताना तुम्ही 'एक टप्पा आऊट' हा नियम लावता ना? आणि मग भांडण! "एकच टप्पा होता!" "हॅट्, दोन होते!" "देवाशपथ एकच!" मला हे सारं चांगलं ठाऊक आहे. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर असली निदान दोन भांडणं तरी निवाड्यासाठी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहतात.

आता तुम्हांला एक गंमत सांगते. हाच एक टप्प्याचा नियम एके काळी अमेरिकेत चांगली दाढीमिशांची माणसं बेसबॉलमध्ये लावत होती आणि त्यावरून वर्षानुवर्षं वादही घालत होती! तो जुना बेसबॉल तिथे आजही हौसेनं खेळला जातो. तो मी स्वतः पाहून आले. त्या दिवशी मजा तर आलीच, पण माझ्या भाचीनं विचारलेल्या एका प्रश्नानं माझी झोपही उडवली. त्याचीच ही हकिगत.

माणसं न राहणारं गाव

माझी ताई मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराजवळ राहते. "ये एकदा, ये एकदा" म्हणून किती तरी वर्षं बोलावत होती. शेवटी तिनंच तिकीट पाठवलं, नाहीतर प्राथमिक शाळेच्या बाईंना कुठलं एवढं विमान! मे महिन्याची सुट्टी संपत आली. आपल्या शाळा उघडायच्या आत मला परतायचं होतं. निघण्याआधीच्या शनिवारी भावोजी म्हणाले, "आज तुम्हांला एका गावाला नेतो. तिथे कुणीच राहत नाही, पण गाव मात्र गजबजलेलं असतं."

मी म्हटलं, हे काय कोडं? तर ते होतं डिअरबॉर्न इथलं 'ग्रीनफील्ड व्हिलेज'. मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याला जुन्या वस्तू जमवण्याचा छंद होता. तुम्ही तिकिटं जमवता, काड्यापेट्यांची चित्रं जमवता. या गृहस्थानं चक्क घरं जमवली! देशाच्या कानाकोपऱ्यांतून जुन्या इमारती उचलून आणल्या आणि इथे पुन्हा उभ्या केल्या. १९२९ साली या गावाचं उद्घाटन झालं. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू आठवतात? त्यांचं घर आणि त्यांचं सायकलीचं दुकान ओहायो राज्यातल्या डेटनहून इथे आणलेलं आहे. एडिसनच्या प्रयोगशाळेच्या इमारतीही इथेच पाहायला मिळतात. भोवती वाफेचं इंजिन झुकझुक करत फिरतं, रस्त्यातून फोर्डच्या जुन्या मॉडेल टी मोटारी पों पों करत जातात. जुन्या काळचे कपडे घातलेली माणसं कुठे लोहारकाम करताना, कुठे चुलीवर रांधताना दिसतात.

माझी भाची दहा वर्षांची. तिनं हे सगळं पुष्कळदा पाहिलेलं. ती माझा हात ओढत म्हणाली, "मावशी, चल ना, मॅच सुरू होईल!"

हातमोजे कुठे गेले?

एका हिरव्यागार मैदानाकडेला आम्ही गवतावरच बैठक मारली. ताईनं डब्यात पोळ्या नि बटाट्याची भाजी आणली होती. खेळाडू मैदानात आले आणि मी बघतच राहिले. लांब बाह्यांचे सदरे, पायघोळ विजारी, डोक्यावर जुन्या धाटणीच्या टोप्या. आणि हात? हात रिकामे! टीव्हीवर पाहिलेल्या बेसबॉलमध्ये प्रत्येकाच्या हातात केवढा थोरला चामड्याचा मोजा असतो. इथे मोजा नाही, शिरस्त्राण नाही, मागे उभ्या असलेल्या झेलकऱ्याच्या तोंडावर जाळीसुद्धा नाही.

भाचीनं माझी शिकवणी घेतली. "मावशी, हे १८६७ सालचे नियम आहेत. तेव्हा मोजे वापरत नसत."

१८६७ च का? त्या वर्षी ऑगस्टमध्ये डेट्रॉइट शहरात बेसबॉलची मोठी स्पर्धा भरली होती. तिच्या आठवणीसाठी या गावातही ऑगस्टमध्ये जुन्या बेसबॉलची स्पर्धा भरते आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गावाचे दोन संघ सामने खेळतात. एका संघाचं नाव 'नॅशनल्स', तर दुसऱ्याचं 'लाह-डी-डाहज'. म्हणजे आपल्या भाषेत 'नखरेबाज' म्हणा ना! आणि हो, त्या काळी 'बेस' आणि 'बॉल' हे दोन शब्द सुटे लिहीत. म्हणून जुना खेळ खेळणारी मंडळी आजही मुद्दाम सुटेच लिहितात.

बेसबॉल तुम्हांला नवा असेल, तर थोडक्यात सांगते. मैदानावर एक मोठा चौकोन कल्पा. एका कोपऱ्यावर फलंदाज उभा. बाकीच्या तीन कोपऱ्यांवर तीन ठाणी, म्हणजे 'बेस'. एका ठाण्यापासून दुसरं ठाणं ९० फुटांवर. चेंडू टोलवायचा, ठाण्यामागून ठाणं गाठायचं आणि पुन्हा मूळ कोपऱ्यावर यायचं. तेव्हा कुठे एक धाव मिळते. एका संघात ९ जण. तीन गडी बाद झाले, की डाव बदलला. असे नऊ-नऊ डाव.

आता जुन्या खेळाच्या गमती ऐका. आजचा चेंडू टाकणारा ६० फूट ६ इंचांवरून, खांद्यावरून हात फिरवून चेंडू सणसणत फेकतो. १८६७ साली तो फक्त ४५ फुटांवर उभा राही, पण चेंडू मात्र खालून, हात झोकाळत टाकावा लागे. आपल्या क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची. म्हणजे केवढं जवळ आलं बघा! ठाणी म्हणजे वाळूनं किंवा लाकडाच्या भुशानं भरलेल्या पांढऱ्या रंगाच्या कॅनव्हासच्या पिशव्या. शब्दही वेगळे. फलंदाज म्हणजे 'स्ट्राइकर'. धावेला म्हणायचे 'एस', म्हणजे पत्त्यांतला एक्का. गडी बाद झाला, की 'एक हँड गेला'. आणि ज्याच्या हातून झेल सुटतो, तो 'मफिन'! छान काही झालं, की सगळे ओरडतात, "हझ्झा!" आम्हीही ओरडलो. दुसऱ्या डावापर्यंत माझा घसा बसला.

आणि आपला एक टप्पा? पूर्वी कुठलाही टोला एका टप्प्यावर धरला, तरी स्ट्राइकर बाद होत असे. काही जण म्हणत, "हा पोरखेळ आहे! मर्दासारखा थेट झेल घ्या." दुसरे म्हणत, "उघड्या हातांनी थेट झेल घेऊन बोटं मोडली तर?" हा वाद कित्येक वर्षं चालला. अखेर १८६४ च्या डिसेंबरात ठरलं, की पुढच्या हंगामापासून थेट झेलच हवा. पण रेषेबाहेर गेलेल्या, म्हणजे 'फाउल' चेंडूला टप्प्याची सवलत पुढेही अनेक वर्षं राहिली. म्हणून १८६७ च्या खेळात फाउल चेंडू एका टप्प्यावर धरला, की गडी बाद!

"हो, मी बाद आहे"

पाचव्या की सहाव्या डावात एक प्रसंग घडला. एक उंच गडी तिसऱ्या ठाण्याकडे धावत सुटला. पलीकडून चेंडू आला. धावणारा घसरत ठाण्यावर, रक्षकाचा हात त्याच्या पायावर, सगळी नुसती धूळच धूळ! आधी काय झालं? ठाण्याला पाय लागला, की अंगाला चेंडू लागला? पंच एकटेच, तेही लांब उभे. त्यांना काही दिसलं नसावं. ते पुढे आले आणि त्यांनी सरळ त्या धावणाऱ्यालाच विचारलं.

मैदान गप्प झालं. सामना अटीतटीचा होता. तो गडी उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "मी बाद आहे. चेंडू आधी लागला."

"हझ्झा!" सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं असेल? समोरचा संघ! आणि आम्ही प्रेक्षकांनीही त्या बाद झालेल्यासाठी टाळ्या वाजवल्या. दाखवण्यापुरतं नाही बरं का. त्या काळी पंचाला दिसलं नाही, तर तो खेळाडूंना, कधी कधी प्रेक्षकांनाही विचारत असे. जुना खेळ खेळणाऱ्यांनी नुसते कपडे नाही उचलले, तर ही रीतही उचलली. सामना संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले आणि त्यांनी एकमेकांसाठी तीन-तीन वेळा जयघोष केला. कोण जिंकलं? खरं सांगू? मला आता आठवतच नाही. तो उंच गडी मात्र आठवतो.

पुस्तकं चाळून उभा केलेला खेळ

हे खेळाडू पगारी नसतात. अशा संघांत कुणी शिक्षक, कुणी कारकून, कुणी कारखान्यात काम करणारा, असे साधे लोक असतात. ही हौस सुरू झाली साधारण १९८० च्या सुमारास. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ओल्ड बेथपेज इथे आणि ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात अशीच जुनी गावं वसवलेली होती. तिथे आधी हे सामने होऊ लागले. कोलंबसच्या संघाचं नाव तर 'ओहायो व्हिलेज मफिन्स'. स्वतःलाच 'झेल सोडणारे' म्हणवून घ्यायला मोठं मन लागतं! १९९६ साली अशा संघांनी मिळून एक संघटनाही स्थापन केली.

पण दीडशे वर्षांपूर्वी नेमकं कसं खेळत, हे कळलं कसं? जुन्या वर्तमानपत्रांतून, क्लबांच्या वह्यांतून आणि १८६० साली निघालेल्या एका दहा सेंटांच्या पुस्तिकेतून. ती पुस्तिका लिहिली हेन्री चॅडविक यानं. हा मूळचा इंग्लंडचा, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. क्रिकेटसारखे धावफलक बेसबॉलच्या बातम्यांत रुळवले ते यानंच. म्हणजे आपल्या क्रिकेटचं नि बेसबॉलचं नातं पुष्कळ जुनं आहे.

मुळाशी जाणं किती गरजेचं असतं, याचंही एक उदाहरण आहे. 'ॲबनर डबलडे नावाच्या सेनापतीनं १८३९ साली कूपर्सटाउन गावात बेसबॉलचा शोध लावला' असं एका समितीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाहीर केलं. आधार काय, तर एका म्हाताऱ्या गृहस्थाची आठवण. गोष्ट इतकी छान होती, की लोकांनी ती उचलून धरली. १९३९ साली त्या गावात बेसबॉलचं मोठं संग्रहालयही उघडलं. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तर १८३९ साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता! खरं म्हणजे बेसबॉल एका दिवसात, एका माणसानं शोधलेला नाही. मुलांच्या जुन्या चेंडूफळीच्या खेळांतून तो हळूहळू घडला. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबनं १८४५ साली आपले नियम लिहून काढले आणि १९ जून १८४६ रोजी होबोकन इथे झालेल्या सामन्यात तोच क्लब २३ विरुद्ध १ असा सपाटून हरला! त्या नियमांत एक नियम असा होता, की धावणाऱ्याला चेंडू फेकून मारायचा नाही. त्याआधी मारत असत. आपल्या लगोरीत मारतो ना, अगदी तसं!

भाचीचा प्रश्न

सामना संपल्यावर आम्ही गावात फिरत होतो. भाची बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, "मावशी, १८६७ साली आपण इथे असतो, तर त्यांनी मला खेळायला घेतलं असतं?"

मी म्हटलं, "मुलगी म्हणून म्हणतेस?"

"मुलगी म्हणून. आणि माझा रंग असा आहे म्हणून."

मला काही उत्तर सुचेना. "बघू, वाचून सांगते," असं मी म्हटलं खरं, पण पुढच्याच वळणावर विटांची दोन छोटी घरं लागली. एकेका खोलीची. ती जॉर्जिया राज्यातून आणलेली. मोठ्या जमीनदाराच्या मळ्यावर राबणारे काळे गुलाम त्यांत राहत असत. सुंदर गावाच्या मधोमध ती दोन घरं उभी आहेत, ते बरंच झालं. नाहीतर जुना काळ म्हणजे नुसती झुकझुक गाडी आणि "हझ्झा" असंच वाटलं असतं.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस मी नि भाची ताईच्या घराजवळच्या वाचनालयातली पुस्तकं घेऊन बसलो. मिळालेलं उत्तर तुम्हांलाही सांगते.

मुलींचं उत्तर 'थोडंसं हो' असं होतं. १८६६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार या मुलींच्या कॉलेजात विद्यार्थिनींनी बेसबॉलचे संघ काढले होते. पण ते आपल्या आपल्यात, कॉलेजच्या आवारात.

दुसरं उत्तर ऐका. फिलाडेल्फिया शहरात ऑक्टेव्हियस कॅटो नावाचा एक तरुण काळा शिक्षक होता. हो, माझ्यासारखाच शिक्षक! काळ्या मुलांच्या एका नावाजलेल्या शाळेत तो शिकवत असे. घोड्यांच्या ट्राममध्ये काळ्या लोकांना बसू देत नसत. त्याविरुद्ध तो झगडला आणि १८६७ साली पेनसिल्व्हेनियात तशी बंदी करणं कायद्यानं बंद झालं. तो 'पिथियन' नावाच्या बेसबॉल क्लबचा कप्तानही होता. त्याच वर्षी, म्हणजे १८६७ मध्येच, या क्लबनं राज्याच्या संघटनेत प्रवेश मागितला. तिथे त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला. डिसेंबरात देशभरच्या संघटनेनं ठरावच केला, की ज्या क्लबात एक जरी काळा माणूस असेल, त्या क्लबाला घ्यायचं नाही.

म्हणजे बघा, ज्या वर्षाचे नियम आम्ही टाळ्या वाजवत पाहिले, त्याच वर्षी हाही नियम झाला होता!

पिथियन मात्र खेळत राहिले. १८६९ च्या सप्टेंबरात ते फिलाडेल्फियाच्या ऑलिंपिक या गोऱ्या क्लबाशी खेळले आणि ४४ विरुद्ध २३ असे हरले. हरले, पण एका मैदानावर समोरासमोर उभे राहिले. १० ऑक्टोबर १८७१ हा निवडणुकीचा दिवस होता. काळ्या लोकांनी मतदान करू नये म्हणून शहरात दंगल माजवली गेली आणि त्यात कॅटोला रस्त्यात गोळ्या घातल्या. तो अवघा ३२ वर्षांचा होता. मोठ्या व्यावसायिक सामन्यांचा बंद दरवाजा पुन्हा उघडायला १९४७ साल उजाडलं. त्या वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला. आणि कॅटोचा पुतळा फिलाडेल्फियाच्या नगरभवनाबाहेर उभा राहिला तो २०१७ साली.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे लोक आता जुना खेळ खेळतात, तर तोही नियम पाळतात का?"

नाही! आज जुन्या बेसबॉलच्या अनेक संघांत बायका-मुलीही खेळतात आणि रंग बघून कुणाला अडवायचं नाही, हे तर उघडच आहे. चेंडू १८६७ चा, शब्द १८६७ चे, उघडे हात १८६७ चे, पण कुणाला मैदानाबाहेर ठेवायचं, तो नियम मात्र आजचा. तो म्हणजे, कुणालाच नाही.

माझी चूक

आता एक कबुली देते. विमानात बसल्यावर मला माझाच वर्ग आठवू लागला. खेळाच्या तासाला मी काय करत आले? मुलगे क्रिकेट खेळायचे आणि मुलींना मी सांगायची, "तुम्ही धावा लिहा गं, तुमचं अक्षर चांगलं आहे." माझ्या लहानपणी आमच्या बाई असंच सांगायच्या. मीही तेच पुढे चालवलं. कुणी ठराव केला नव्हता, पण नियम होताच!

शाळा उघडल्यावर मुलांना म्हटलं, "आपणही एक जुना खेळ शोधू या." आजी-आजोबांना विचारून प्रत्येकानं विटीदांडूचे नियम लिहून आणले. केवढा घोळ! एकाच्या आजोबांचं 'वकट, लेंड, मूंड' दुसऱ्याच्या आजोबांच्या मोजणीशी पुढे जुळेच ना. गल्लीगल्लीचे नियम निराळे. एका मुलीची आजी तर म्हणाली, "आम्ही पोरी लपून खेळायचो. दिसलो तर मार बसायचा."

शेवटी वर्गानं आपले नियम फळ्यावर लिहिले. शब्द जुनेच ठेवले. विटी डोळ्याला लागू नये म्हणून बघणाऱ्यांनी चुन्याच्या रेषेमागे उभं राहायचं. झेल खरा की खोटा, हे झेल घेणाऱ्यानंच सांगायचं. आणि शेवटचा नियम, मुलांनीच सुचवलेला : वर्गातला प्रत्येक जण खेळेल.

पहिल्याच दिवशी एका मुलानं झेल घेतला. सगळे "आऊट, आऊट" म्हणून नाचायला लागले. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, विटी आधी जमिनीला लागली होती." त्याचा संघ हरला. त्या दिवशी आमच्या छोट्याशा मैदानावर सगळे मिळून मोठ्यानं काय ओरडलो असू, ओळखा पाहू?

तर बालमित्रांनो, या सुट्टीत तुमच्या आजी-आजोबांना विचारा, "तुम्ही काय खेळायचा? नियम काय होते?" सगळं वहीत नीट लिहून घ्या. आणि एक प्रश्न विसरू नका बरं का : "तेव्हा कुणाला खेळायला घेत नसत?" त्याचंही उत्तर लिहा. मग मैदानात जा, आणि त्यांना आधी बोलवा!